तालुका बातमीदारीनंतर ब्लॉग : श्रीलिपीतले लेख, कात्रणं आणि हक्क

प्रश्न : कात्रणवही

लातूर जिल्ह्यात तीसेक वर्षं दैनिकाचा तालुका बातमीदार. आता ब्लॉग सुरू करायचाय. जवळ आहे ते असं : १९९३ च्या भूकंपापासूनच्या कात्रणांच्या सात वह्या, आणि श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टांत) टाइप केलेले पाच-सहाशे लेख. ब्लॉगरवर (गूगलच्या ब्लॉगसेवेवर) खातं उघडलं, पण मजकूर पेस्ट केला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कात्रणं परत टाइप करण्यावाचून इलाज नाही का? बातमीची जी पद्धत हातात बसलीय ती ब्लॉगला चालते का? आणि छापून आलेलं आपलंच लिखाण टाकलं तर मालक हरकत घेऊ शकतात का? पैसे फार घालायचे नाहीत.

उत्तर : डीटीपीवाला

सर, कॉम्प्युटर बिघडलेला नाही. श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी या जुन्या फॉन्टांनी रोमन चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. फाइलीत आजही रोमन चिन्हंच आहेत, फॉन्ट निघाला की ती उघडी पडतात. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे कुठल्याही मोबाइलवर तो 'क' च दिसतो. तेव्हा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा.

आधी वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टचं नेमकं नाव वहीत लिहून घ्या. कन्व्हर्टरमध्ये चुकीचा फॉन्ट निवडला की अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी भलतीच येतात. पाचशे लेख एकदम घालू नका. 'दुसऱ्या शेतकऱ्याची स्थिती, कार्यकर्ते, राष्ट्रीय, क्षेत्र, ज्ञान' हे शब्द असलेला एखादा परिच्छेद आधी घालून बघा. 'स्थिती' चं 'सि्थती' हमखास होतं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती पूर्ण जोडाक्षरानंतर येते, आणि कच्चा कन्व्हर्टर ती पहिल्या अर्ध्या अक्षरालाच चिकटवतो. म्हणून रूपांतर झालं की कंट्रोल-एफ दाबून 'ि्' शोधा. बरोबर लिहिलेल्या मराठीत वेलांटीच्या पाठोपाठ हलन्त येत नाही, तेव्हा जिथे सापडेल तिथे चूकच. शेतकऱ्याचा 'ऱ्य' आणि रफार डोळ्यांनीच तपासावे लागतात. लेखात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर त्यांचाही कन्व्हर्टर मराठी कचरा करतो. ते मूळ फाइलीतून हातानं घाला.

कात्रणं टाइप करायची गरज नाही. कात्रणाच्या मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीमागची छपाई फोटोत उमटत नाही. खिडकीच्या उजेडात, मोबाइल अगदी समांतर धरून फोटो घ्या, फ्लॅश नको. मग एकेक कॉलम वेगळा कापा. चार कॉलमची बातमी अखंड दिली तर यंत्र ओळी आडव्या वाचतं आणि पाणीटंचाईच्या वाक्यात बाजार समितीचं सोयाबीन घुसतं. फोटो २ एमबीच्या आत ठेवून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्समध्ये उघडा' करा. मजकूर फोटोखाली येतो. आकडे आणि आडनावं मात्र कात्रण समोर धरूनच ताडा. मळक्या कागदावर ३ आणि ८ मध्ये यंत्र हमखास फसतं.

नवं लिखाण इनस्क्रिप्ट या युनिकोड कीबोर्डवर करा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की विंडोज-स्पेसनं कीबोर्ड बदलतो. शिफ्ट-जे ला 'ऱ', डी ला हलन्त, म्हणजे 'ऱ्या' ची कटकट तिथेच मिटते. टाइपरायटरचा हात असेल तर सुरुवातीला चिडचिड होईल, होऊ द्या.

वर्डमधून ब्लॉगरमध्ये आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही नं पेस्ट करा. नुसतं कंट्रोल-व्ही केलं की वर्डची छुपी सजावट सोबत येते आणि मोबाइलवर एक परिच्छेद मोठा, एक बारीक दिसतो. प्रेसकडून आलेले फोटो छपाईच्या रंगांत (सीएमवायके) किंवा टिफ फाइलीत असतात. ते पडद्याच्या रंगांत (आरजीबी) जेपेग करा, रुंदी १२०० पिक्सेल पुरे.

उत्तर : डेस्कवरून

तंत्राचं वर आलंच आहे. माझ्या मते खरी अडचण 'येथील' या शब्दाची आहे.

'येथील तहसील कार्यालयासमोर सोमवारी (ता. १२) शेतकऱ्यांनी धरणे धरले.' छापील पानावर यात चूक काहीच नाही, कारण वर डेटलाइन (बातमीचं गाव आणि तारीख) असते, पानाच्या माथ्यावर तारीख असते आणि वाचणारा त्याच तालुक्यातला असतो. ब्लॉगवर हेच वाक्य तीन वर्षांनी पुण्यात बसलेला माणूस गूगलवरून येऊन वाचतो. येथील म्हणजे कुठलं? कुठल्या महिन्यातली १२ तारीख? अंकानं जे आपोआप दिलं होतं ते आता प्रत्येक लेखाला स्वतःच्या पोटात घ्यावं लागतं. येथील, यंदा, काल, नुकतेच, विद्यमान हे पाच शब्द रोज शोधून काढा. 'यंदा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये' असं नको, '२०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ५३२८' असं लिहा. आदल्या हंगामात तो ४८९२ होता. वर्ष नसेल तर कुणी जुनाच आकडा पुढे ढकलतो.

दुसरं, पोलिसांच्या प्रेसनोटा आणि सत्कार ब्लॉगवर टाकू नका. ते दैनिकात सकाळीच येतं. तुमच्याकडे जे आहे ते डेस्कवर (संपादन विभागात) कापलं जायचं : म्हणजे सरकारी कार्यपद्धती. अतिवृष्टी महसूल मंडळनिहाय मोजतात आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरची अट असते, मग शेजारच्या मंडळात नुकसान होऊनही पंचनामा का अडतो, असा लेख दर पावसाळ्यात वाचला जाईल. जायकवाडी धरणाचा 'जिवंत' म्हणजे वापरता येणारा साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि एकूण २९०९, या दोन आकड्यांची गल्लत झाली की टक्केवारी कशी चुकते, हाही तसाच. शब्दमर्यादा नाही म्हणून पाल्हाळ मात्र नको. इंट्रो ठेवा, उपमथळे वाढवा, परिच्छेद तीन-चार ओळींचे.

जुना लेख टाकताना मूळ भाषा बदलू नका. 'उस्मानाबाद' छापलं असेल तर तेच राहू द्या आणि वर तिरप्या अक्षरात एक ओळ द्या : मूळ प्रसिद्धी अमुक तारीख, उस्मानाबादचं नाव २०२३ पासून धाराशिव. म्हणजे दोन्ही नावांनी शोधणाऱ्याला लेख सापडतो. पोस्टची तारीख मागे नेऊन १९९३ करायचा मोह होतो. तसं केलं की लेख यादीच्या तळाशी जातो आणि कुणाला दिसत नाही.

आणि ब्लॉगरला मराठी शीर्षकाचा पत्ता करता येत नाही, 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडे असलं काहीतरी होतं. प्रकाशित करण्याआधी परमालिंकमध्ये (लेखाच्या कायमच्या पत्त्यात) 'कस्टम' निवडून रोमन अक्षरांत गाव, विषय, वर्ष लिहा. लेख एकदा प्रसिद्ध झाला की पत्त्याला हात लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी लिंक तुटते.

कात्रणवही : 'येथील' चं पटलं, हात आपोआप तेच लिहितो. हक्कांचं कुणी सांगेल का? मी आधी मानधनावर होतो, नंतर पगारी.

उत्तर : नोटीशीचंउत्तर

काका, तुमची ही दोन वर्षगटं वेगळी ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (अ) : पगारी नोकर म्हणून दैनिकासाठी लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकी बाबतींत पहिला मालक लेखक. मानधनावर लिहिलेलं मुळात तुमचंच, हक्क लिहून दिले नसतील तर. म्हणून नेमणूकपत्र आणि करार आधी शोधा. त्यात 'सर्व माध्यमांतील हक्क' असं असेल तर संपादकांकडून ईमेलवर परवानगी घ्या, तोंडी नको. पानाचा स्कॅन टाकू नका. मांडणी, नाममुद्रा, शेजारची जाहिरात तुमची नाही. दुसऱ्या छायाचित्रकाराचा फोटोही तसाच, विचारल्याशिवाय नाही.

दैनिकाचं नोंदणीपत्र ब्लॉगला लागू होत नाही. १ मार्च २०२४ पासूनचा प्रेस आणि नियतकालिकं नोंदणी कायदा छापील अंकांसाठी आहे. बातम्या देणार असाल तर २०२१ चे डिजिटल माध्यम नियम वाचून ठेवा, आणि संपर्काचा ईमेल ब्लॉगवर ठळक द्या. तक्रार आली की तारखेसह नोंदवा. चूक असेल तर लेख गुपचूप दुरुस्त करू नका, खाली 'दुरुस्ती' म्हणून तारखेसह लिहा.

जुन्या गुन्हेवृत्तांत जास्त जपा. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ७२; बालकांसाठी पॉक्सो म्हणजे बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, कलम २३). लहान गावात नाव न देताही 'अमुक वस्तीवरील नववीतली मुलगी' एवढ्यानं ओळख पटते. ९० च्या दशकातली असली कात्रणं वहीतच राहू द्या. ज्यांना 'आरोपी' छापलं ते पुढे निर्दोष सुटले असतील, तर निकाल लिहिल्याशिवाय ती बातमी टाकू नका. बदनामीचं कलम आता ३५६ आहे आणि मागे डेस्क नाही.

उत्तर : डीटीपीवाला

पैशाचं राहिलं. ब्लॉगर फुकट. फक्त स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) घ्या, आणि ते *तुमच्याच* ईमेलवर नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको, नंतर सोडवता सोडवत नाही. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात, नूतनीकरणाचा बघून घ्या. अ‍ॅडसेन्स (गूगलच्या जाहिराती) मराठीला चालतं, पण १०० डॉलर साठल्याशिवाय रक्कम येत नाही. १० डॉलरला पत्ता पडताळणीचा पिन पोस्टानं घरी येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला कळेल असा, जवळच्या खुणेसकट भरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खा लेख चिकटवू नका, पुढे जाताना सगळ्यात आधी नाव गळतं. तीन ओळी आणि लिंक. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं. सेटिंग्जमधून दर महिन्याला ब्लॉगचा बॅकअप उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि घरातल्या एकाला दुसरा अ‍ॅडमिन करा.