अनुभव धागा: तुम्ही हाताने घडवलेला उपग्रह

बडोद्याच्या मराठी घरांतली बरीच मुलं कॉलेजात उपग्रहांवर काम करताहेत, कोणी इथे कलाभवनात (एम. एस. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात), कोणी पुण्या-मुंबईला. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम 1 किलोचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून गेला, तो बघून या वाटेला लागलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. तुमच्या वाट्याला काय काम आलं, ते तपशिलात लिहा.

दांडियाबाजारकर
माझ्याकडे अँटेनाचं काम आलं. 437 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी, म्हणजे अँटेनाची लांबी, 17 सेंटिमीटर येते आणि क्यूबसॅटची, म्हणजे आमच्या चिमुकल्या ठोकळ्यासारख्या उपग्रहाची, बाजू 10. म्हणजे अँटेना दुमडून न्यायची, वर गेल्यावर उघडायची. त्यासाठी चक्क सुताराच्या मेजर टेपची पोलादी पट्टी चालते. आम्ही रावपुऱ्यातून टेप आणून कापले. पट्टी गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची, दोऱ्याला नायक्रोमची (वीज सोडली की तापणारी) तार टेकवायची. करंट सोडला की दोरा वितळतो नि पट्टी फाटकन सरळ होते. पण थंडीत बॅटरीचा व्होल्टेज पडतो, तार कमी तापते. म्हणून करंट किती वेळ द्यायचा हे टेबलावर ठरवू नका, थंड कक्षात ठरवा. आणि तारा दोन ठेवा.

कलाभवन, तिसरं वर्ष
मी सॉफ्टवेअरला. अवकाशातला एखादा भारित कण मेमरीतला बिट उलटवतो, प्रोग्राम अडकतो आणि तिथे बटण दाबायला कोणी नसतं. म्हणून वॉचडॉग टायमर: ठरलेल्या वेळात प्रोग्रामकडून खूण आली नाही की प्रोसेसर आपोआप रीसेट. आमचे सर विचारायचे, “रीसेटनंतर त्याला काय आठवणार?” अँटेना उघडली का, बॅटरीची स्थिती काय, हे आम्ही तीन ठिकाणी लिहून ठेवतो; दोन जुळतील ते खरं. सी भाषा मला खरी इथे कळली.

रावपुऱ्याची मावशी
भाचीच्या कॅनसॅटचं पॅराशूट मी शिवलं! शीतपेयाच्या डब्याएवढं यंत्र, उतरताना हवेचा दाब नि तापमान पाठवत राहतं. कापडाला मधोमध भोक ठेवावं लागतं, नाहीतर हवा कडेने निसटते आणि डबा झुलतो. दोऱ्या सगळ्या एका लांबीच्या हव्यात, शिवण दुहेरी.

हॅम काका
पोरांनो, मी हौशी रेडिओवाला (हॅम), माझ्या गच्चीवर यागी अँटेना आहे, एका दिशेचं नेमकं ऐकणारी. 500 किलोमीटरवरचा उपग्रह आपल्यावरून जायला फार तर दहा-बारा मिनिटं घेतो, तेवढ्यात डॉप्लरमुळे, म्हणजे तो जवळ येतो नि लांब जातो म्हणून, 437 मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे सुमारे 10 किलोहर्ट्झ सरकते. ती हाताने पकडायला शिकवतो. उत्तरायणाचे (पतंगांचे) दिवस सोडून कधीही या, त्या दिवसांत मांज्यापायी अँटेना उतरवलेली असते.