लिनक्ससाठी लॅपटॉप: नागपूरकरांचे अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळायचं म्हणतात आणि विचारतात, मशीन कोणतं घेऊ? तुम्ही काय घेतलं, काय सुरळीत चाललं, काय अडलं, मनमोकळं लिहा. सुरुवात मी करते.

बर्डीवरून वापरलेला थिंकपॅड टी४८० घेतला. दुकानदाराला आधीच विचारलं, "भाऊ, माझ्या पेनड्राइव्हवरून चालवून बघू का?" तो हो म्हणाला. काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सुरू केलं. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं पाहिली, मग झाकण मिटून पुन्हा उघडलं. स्क्रीन लगेच आली, तेव्हाच पैसे दिले. रॅमला दोन स्लॉट आहेत, एक बॅटरी बाहेरून काढता येते. टीएलपी हे बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवते. मशीन दिवसभर चार्जरवर आणि बाहेर नवतपा, अशात भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

हिंगणा रोडहून, विद्यार्थी
ताई, माझा लॅपटॉप अगदी नवा होता, तिथेच अडलं. वाय-फायची चिप इतकी ताजी की लिनक्स मिंटच्या कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) ती ओळखताच येईना. फोनचं इंटरनेट यूएसबी केबलने लॅपटॉपला देऊन नवा कर्नल टाकला, मग नेटवर्क दिसलं. एकाच मॉडेलमध्ये कधी या कंपनीची चिप असते, कधी त्या. त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, टर्मिनलमध्ये lspci ही कमांड चालवून चिपचं नाव वाचा.

धरमपेठहून
वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला घेतला, व्हिडिओ एडिटिंगसाठी. ड्रायव्हर टाकला तरी सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलंच सुरू होऊ देणारी सुरक्षा) चालू असल्यामुळे ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड होईना. एमओके की (त्या ड्रायव्हरची सही मान्य करणारी किल्ली) नोंदवली आणि रीस्टार्ट केलं, तेव्हा जमलं. ऑफिसचं काम किंवा कोडिंगच करायचं असेल तर इंटेल किंवा एएमडीचं अंगचं ग्राफिक्सच बरं. त्यांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात.

मानेवाड्याहून
मराठी टायपिंगची काळजी नको. आयबस (IBus) या टायपिंगच्या सोयीत इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, रोज त्यावरच काम करतो.

मिहानमध्ये नोकरी
झाकण मिटवून बघायचा ताईंचा सल्ला लाखमोलाचा. पण दुकानात दोन मिनिटांत सगळं कळत नाही. माझं मशीन झोपतं, जागंही होतं, पण बॅगेत तापतं आणि ऑफिसला पोचेपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये जुनी एस३ स्लीप (मेमरी सोडून जवळजवळ सगळं बंद करणारी गाढ झोप) दिलेलीच नसते. /sys/power/mem_sleep ही फाइल उघडा, त्यात 'deep' दिसलं तर ती सोय आहे. मी आता सरळ शटडाउन करून निघतो.

एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवाला लॅपटॉप कोणी वापरत असेल तर मे महिन्यात, कूलरच्या खोलीत, फॅन किती आवाज करतो तेही लिहा. पुढचा तोच घ्यायचा विचार आहे.