साधना आणि पैशाचे व्यवहार: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे मी नियमाने ध्यान आणि वाचन करीत आहे. याच काळात उत्पन्नही वाढले आणि घरखर्च, विमा, बचत भागवून हाती रक्कम उरू लागली. ध्यानाला बसले की मन हमखास त्या रकमेकडे वळते, म्हणून सगळे व्यवहार दुसऱ्या कुणावर सोपवून मोकळे व्हावे असे वाटते. पण ते जबाबदारी टाळण्यासारखे होईल, अशीही शंका येते. उत्पन्नातील किती भाग दान करावा, गुंतवणूक करताना ती कंपनी काय करते हे पाहणे आवश्यक आहे का, आणि एका नातेवाइकाने हातउसने मागितलेले पैसे कसे द्यावेत, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

मी हिशेब लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे दानाच्या आकड्याआधी देण्यांचा आकडा विचारतो. बिलाची तारीख आणि पैसे चुकते केल्याची तारीख या दोन रकान्यांमधले अंतर माणसाबद्दल जे सांगते, ते देणगीच्या पावत्यांची फाइल सांगत नाही. ठरल्या दिवशी देणगी पोचती करणारे, पण सुताराची मजुरी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत महिनोन् महिने लांबवणारे सज्जन असतात. त्यांनी दिलेली देणगी तेवढ्या काळापुरती सुताराच्या पैशातूनच गेलेली असते.

बुद्धाने अनाथपिंडिक या धनाढ्य व्यापाऱ्याला गृहस्थाची चार सुखे सांगितली: न्यायाने मिळवलेले धन असणे, ते भोगता आणि सत्कार्याला लावता येणे, कोणाचे ऋण नसणे, आणि निर्दोष आचरण. पहिल्या तिन्हींना चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही सर नाही, हे तर आहेच. पण ऋणमुक्तीला त्यात स्वतंत्र स्थान आहे, हे दानाची चर्चा करताना सहसा कोणी लक्षात घेत नाही. म्हणून व्यवहार दुसऱ्यावर सोपवू नका. महिन्यातली एक ठरावीक वेळ त्यांना द्या आणि त्या वेळी सर्वांत आधी थकलेली देणी पाहा. मनात घोळत राहतो तो बहुतेक वेळा पैसा नसतो, लांबणीवर टाकलेला निर्णय असतो.

प्रतिसाद २

टक्केवारीबद्दल थोडे. इस्लाममधील जकात साधारणपणे 2.5 टक्के असते, शीख परंपरेत दसवंध म्हणजे दहावा भाग. या आकड्यांची तुलना करून कोण अधिक उदार हे ठरवणारे लोक भेटतात, पण ती तुलनाच चुकीची आहे: जकातीचा हा दर ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या आणि वर्षभर राहिलेल्या संपत्तीवर लागतो, तर दसवंध कमाईतून काढला जातो. शिवाय कुराणात संपत्तीतील हा वाटा याचकाचा आणि वंचिताचा हक्क मानला आहे, त्यामुळे देणाऱ्याला उपकार केल्याचा आव आणता येत नाही.

मला स्वतःला जैन श्रावकाचे परिग्रह-परिमाण अधिक उपयोगी वाटते. त्यात जमीन, सोने, धान्य, रोकड अशा प्रत्येक गोष्टीची मर्यादा स्वेच्छेने आधीच ठरवून घ्यायची असते. ‘किती देऊ’ या प्रश्नाला वाढत्या पगाराबरोबर नवनवी उत्तरे सुचतात. ‘मला किती पुरे’ याचे उत्तर एकदा कागदावर उतरले की पगार वाढल्यावर आपली पंचाईत होते, आणि ती व्हायलाच हवी.

प्रतिसाद ३

गुंतवणुकीबाबत फार सोवळेपणा टिकत नाही, असे माझे मत आहे. बुद्धाने उपासकासाठी शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला, पण आजचा निर्देशांक फंड एकाच वेळी अनेक कंपन्यांचे समभाग घेतो. बँकेत ठेव ठेवली तरी बँक ती रक्कम पुढे कर्जाऊ देतेच. बाजारात समभाग विकत घेतल्यावर पैसे सहसा कंपनीला नव्हे, आधीच्या भागधारकाला मिळतात, हेही खरे. तरीही येणारा लाभांश आपलाच असतो, म्हणून ज्या दोन-तीन धंद्यांचा नफा आपल्याला पचणार नाही ते ठरवावेत, फंडाच्या गुंतवणुकीची प्रसिद्ध होणारी यादी अधूनमधून पाहावी आणि तेवढ्यावर थांबावे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांकडून पुन्हा

नातेवाइकाचा प्रश्न राहिला. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यात सर्वांत वरच्या पायरीवर भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन समोरच्याला हात पसरण्याची वेळ येऊ न देणे आहे. त्यामुळे उसने देण्यात काही कमीपणा नाही. मात्र परत न आल्यास संबंध तुटेल इतकी रक्कम देऊ नका, आणि कर्ज की मदत हे देतानाच स्पष्ट बोला. कर्ज असेल तर रक्कम व परतफेडीची मुदत दोघांच्या सहीने लिहून ठेवा; मदत असेल तर ती वहीत येण्याच्या बाजूला मांडू नका.