क्लेम हिस्ट्री, लॉस रन, मॉड: मराठीत काय म्हणायचं?

सायली_सीटी: माझा भाऊ कनेक्टिकटमध्ये क्लीनअप कॉन्ट्रॅक्टर आहे, म्हणजे घरांच्या अंगणात पुरलेल्या हीटिंग ऑइलच्या जुन्या टाक्या काढायच्या आणि तेल मुरलेली माती उचलून न्यायची. यंदा त्याच्या विम्याचा प्रीमियम बराच वाढला, कारण क्लेम हिस्ट्री. आता हे आईला फोनवर सांगताना तो 'दाव्यांचा इतिहास' म्हणाला आणि आईला वाटलं पोरावर कोर्टात केस चाललीय. सरळ शब्द सुचवा.

खोडरबर: आईंचं काय चुकलं? दावा हा ठोकतात किंवा लावतात, तोही बहुतेक भावकीवर. विम्याचा तो क्लेम, तो टाकतात, मग पास होतो नाहीतर अडकतो. क्लेमच राहू द्या. लॉस रनला 'क्लेमचा उतारा' म्हणा, सातबारासारखा. कुठल्या तारखेला काय झालं, किती पैसे दिले, किती बाकी, सगळी नोंद त्यात असते. नवीन कंपनीकडे कोट मागायला गेलं की साधारण पाच वर्षांचा उतारा आधी मागतात.

गणपुले: यात दोन वेगळे विमे मिसळताय. कामगारांचा विमा, वर्कर्स कॉम्प, तो पगारावर असतो, दर 100 डॉलर पगारामागे अमुक, आणि त्याला मॉडने, म्हणजे तुमच्या जुन्या क्लेमवरून काढलेल्या आकड्याने, गुणतात. मॉड 1.00 म्हणजे त्या धंद्यातली सरासरी, 1.25 झाला की एक लाखाचे सव्वा लाख. कनेक्टिकटसकट बऱ्याच राज्यांत तो एनसीसीआय ही कामगार विम्याची आकडेवारी ठेवणारी संस्था काढते, आणि त्यात तीन वर्षं धरतात पण सगळ्यात अलीकडचं सोडून, म्हणजे 1 जानेवारी 2025 च्या मॉडमध्ये 2021, 22 आणि 23 च्या पॉलिसी. म्हणून यंदा कोणी पडलं तर यंदा काही कळत नाही, फटका नंतर बसतो आणि तीन वर्षं बसतच राहतो. शिवाय प्रत्येक क्लेमचा एका मर्यादेपर्यंतचा भाग पुरा मोजतात, वरचा बराच कमी, त्यामुळे एका मोठ्या अपघातापेक्षा मिळून तेवढ्याच रकमेचे पाच किरकोळ जास्त महाग पडतात. फक्त डॉक्टरचं बिल झालं आणि कामगाराचा बुडालेला पगार द्यावा लागला नाही तर बहुतेक राज्यांत त्यातले 30 टक्केच धरतात.

दुसरा प्रदूषणाचा, काम करताना तेल शेजाऱ्याच्या विहिरीत गेलं तर उपयोगी पडणारा. तिथे मॉड नाही, अंडररायटर, म्हणजे विमा द्यायचा का आणि कितीला हे ठरवणारा कंपनीचा माणूस, उतारा वाचतो आणि ठरवतो. एकाच प्रकारची गळती पुन्हा पुन्हा दिसली की दर वाढवतो, डिडक्टिबल (क्लेममधला आपल्या खिशातून भरायचा भाग) वाढवतो, नाहीतर सरळ नाही म्हणतो. मॉडला मराठी शब्द शोधू नका, 'अनुभव गुणक' बरोबर आहे पण ऐकून झोप येते.

पिंपरीकर: आमच्याकडे भारतात कामगारांच्या विम्याला अजून डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसीच म्हणतात, 1923 च्या कायद्याचं नाव बदलून किती वर्षं झाली तरी. आईंना गाडीचा नो क्लेम बोनस माहीत असेल ना, 20 टक्क्यांपासून 50 पर्यंत चढतो आणि एक क्लेम घेतला की शून्य. तिथून सुरुवात करा. पण प्रीमियमला हप्ता नका म्हणू, 'हप्ता वाढवला' ऐकून त्या अजून घाबरतील.

सायली_सीटी: 😂 हप्ता कटाप. गणपुले, त्याच्या उताऱ्यात एका माणसाच्या पाठीच्या दुखण्यापुढे मोठी रक्कम आहे, रिझर्व्ह म्हणून, अजून दिलेलीच नाही. तीही मोजतात? आणि रिझर्व्हला शब्द?

गणपुले: मोजतात, आणि बरेच मॉड तिथेच बिघडतात. शब्द 'तरतूद', राखीव नको, राखीव म्हटलं की जागा आठवतात. पॉलिसी सुरू झाल्यापासून 18 महिन्यांनी पहिला आकडा एनसीसीआयकडे जातो, मग 30 आणि 42 ला. त्या तारखांच्या आधी भावाने अ‍ॅडजस्टरला (क्लेम हाताळणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाला) फोन करून विचारावं, माणूस कामावर परत आलाय तर एवढी तरतूद कशाला. बंद झालेला क्लेम उघडा दिसत असेल तर तेही लगेच दुरुस्त करून घ्यायचं.