घरच्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर कसे जपावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरात डेस्कटॉप एकच आणि वापरणारे पाच जण: मी, हे, कॉलेजातली लेक, सातवीतला मुलगा आणि सुट्टीत येणारा भाचा. विंडोज ११ होम आहे. ५१२ जीबीची एसएसडी, शिवाय जुन्या मशीनमधून काढून बसवलेली १ टीबीची हार्डडिस्क, ती डी ड्राइव्ह म्हणून दिसते. सगळे एकाच अकाउंटवर बसतात.

डी ड्राइव्हवरच्या दोन फोल्डरांची मला काळजी आहे. एक 'घरचे कागद': सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, सगळ्यांचं आधार आणि पॅन, पासबुकं, सगळ्यांचे स्कॅन. दुसरा 'आईंच्या ओव्या'. माझ्या सासूबाई दळताना ओव्या म्हणायच्या. २०१६ ते २०१९ मध्ये मी त्या जमेल तशा मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, दोनशेच्या वर फाइली आहेत. २०२१ ला आई गेल्या. तो मोबाइलही आता नाही. म्हणजे त्यांच्या आवाजाची प्रत एकच, तीही या जुन्या डिस्कवर.

गेल्या आठवड्यात ओव्यांचा फोल्डर दिसेनासा झाला. रिसायकल बिन पाहिला, तिथे नाही. तीन तास शोधल्यावर मुलाच्या 'गेम्स' फोल्डरच्या पोटात सापडला. माउसने काहीतरी ओढताना हा त्यात जाऊन पडला असणार. मुलाला रागावले नाही, कारण हे माझ्याही हातून होऊ शकतं. पण ते तीन तास मी विसरणार नाही.

तेव्हापासून जे जे करून पाहिलं ते सांगते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'हिडन' केलं, तर भाच्याने व्ह्यू मेनूतून 'हिडन आयटम्स' वर टिचकी मारून दोन सेकंदांत दाखवलं. 'रीड-ओन्ली' केलं, तरी प्रयोगासाठी केलेला फोल्डर सरळ डिलीट झाला. अॅडव्हान्स्डमध्ये एन्क्रिप्ट करायचा (म्हणजे फाइली कुलूपबंद करायचा) पर्याय आहे, पण तो फिका दिसतो, निवडता येत नाही. मग एका व्हिडिओत पाहून नोटपॅडमध्ये बॅच फाइल बनवली. ती चालवली की फोल्डर गायब होतो आणि पासवर्ड दिला की परत येतो. मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी लेकीने तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर माझा पासवर्ड आत उघडाउघडा लिहिलेला!

तर मला दोन गोष्टी हव्या आहेत. कागद माझ्या आणि ह्यांच्याशिवाय कोणी उघडू नयेत. ओव्या मात्र घरातल्या सगळ्यांनी ऐकाव्यात, फक्त कोणाच्या हातून पुसल्या किंवा हलवल्या जाऊ नयेत. पैसे न घालता होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं उद्या करा, आज रात्री ओव्यांची दुसरी प्रत काढा. जुनी हार्डडिस्क सांगून बंद पडत नाही. मोबाइलवरची दोनशे रेकॉर्डिंग साध्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बहुधा मावतील. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळतो का ते बघा, चारदोन ओव्या पेनड्राइव्हवरून वाजवून ऐका. मग तो काढून कपाटात ठेवा. मशीनला लावून ठेवलात तर खंडणी मागणारा व्हायरस आला की दोन्ही प्रती एकदमच जातील. आणि एक लक्षात असू द्या, पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं.

गुगल ड्राइव्हला सिंक करणं म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सांगून ठेवतो. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, तेवढीच मुदत.

प्रतिसाद २

तुम्ही जे विचारलंय ते खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुम्ही ते नीट वेगळे मांडलेत. कुलूप वेगळं, जपणूक वेगळी. आधी ओव्यांचं बघू.

सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा. अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे हक्क असलेलं, फक्त तुमचं, बाकी सगळे मर्यादित हक्कांचे स्टँडर्ड, आणि तुमच्या अकाउंटला पासवर्ड हवाच. पण इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. सी ड्राइव्हवरच्या यूजर्समधलं प्रत्येकाचं फोल्डर इतर स्टँडर्ड अकाउंटना बंद असतं. डी ड्राइव्हचं तसं नाही. तिथे 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' या गटाला बदल करायचा हक्क आपसूकच मिळालेला असतो, म्हणजे वेगळं अकाउंट करूनही मुलगा तिथलं पुसू शकेल.

म्हणून ओव्यांच्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, मग अॅडव्हान्स्ड. 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा, म्हणजे वरच्या ड्राइव्हकडून आपसूक येणारे हक्क तुटतील. विंडोज दोन पर्याय देईल, त्यातला आहेत ते हक्क तसेच कायम ठेवणारा निवडा, सगळे काढून टाकणारा नको. मग यादीतून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' काढा. 'यूजर्स' राहू द्या, त्यांना फक्त वाचायचा हक्क असतो. स्वतःचं नाव फुल कंट्रोल देऊन वेगळं घाला, नाहीतर तुम्हालाच दर वेळी परवानगी विचारत बसेल. आता सगळे ऐकू शकतील, पुसायला किंवा हलवायला गेलं की अॅडमिनचा पासवर्ड मागेल. प्रयोग आधी रिकाम्या फोल्डरवर करा.

तुमचा एन्क्रिप्टचा पर्याय फिका दिसतो कारण ती सोय होम आवृत्तीत नाही, प्रोमध्ये आहे. तुमचं काही चुकलेलं नाही.

प्रतिसाद ३

कागदांसाठी व्हेराक्रिप्ट हे फाइली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. ट्रूक्रिप्ट या तशाच जुन्या सॉफ्टवेअरचं काम २०१४ मध्ये थांबलं, त्याच्या पायावर हे उभं आहे. दोनेक जीबीचा एक डबा बनवायचा. बाहेरून ती एक साधी फाइल दिसते. पासवर्ड दिला की नवीन ड्राइव्ह म्हणून उघडते, काम झालं की बंद करायची. सेव्हन-झिप या फाइली एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरनेही पासवर्ड लावता येतो आणि फाइलींची नावंही झाकता येतात, पण कागद वरचेवर काढायचे-घालायचे असतील तर डबा सोयीचा.

दोन इशारे मात्र कळकळीने देतो. पासवर्ड विसरलात तर कोणीही, अगदी बनवणारेही, उघडून देऊ शकत नाहीत. तो कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या पाकिटात ठेवा आणि ह्यांना जागा सांगा. माझ्या ओळखीच्या एका घरी फक्त वडिलांनाच पासवर्ड माहीत होता, ते गेल्यावर विम्याचे कागद शोधताना त्या माउलीचे फार हाल झाले. दुसरं म्हणजे हा डबा शेवटी फाइलच आहे. कोणीही तो न उघडता सरळ डिलीट करू शकतो. तेव्हा डब्याचीही प्रत हवीच. आणि मूळ स्कॅन डब्यात टाकल्यावर बाहेरचे काढून टाकायला विसरू नका, रिसायकल बिनसकट.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच गेला.

ओव्या २१४ फाइली निघाल्या, अवघ्या दीड जीबी. दोन पेनड्राइव्ह भरले. एक कपाटात आहे, दुसरा पुण्याला वन्संकडे पाठवतेय. त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांचा आवाज कापरा झाला, आईंचा आवाज माझ्याकडे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. हे मी पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

अकाउंट केली, डी ड्राइव्हवरचे हक्क प्रतिसाद २ मध्ये सांगितले तसे बदलले. लेकीच्या अकाउंटमधून 'पहिली माझी ओवी' लागली, ऐकू आली. मग तिला ती डिलीट करायला सांगितलं, विंडोजने पासवर्ड मागितला. मुलाने फोल्डर ओढूनही पाहिला, तोही हलला नाही.

कागदांचा डबाही झाला. पासवर्ड ह्यांनी आपल्या हाताने लिहून पाकिटात ठेवलाय. फक्त काम झाल्यावर डबा बंद करायचा राहून जातो. काल तो तासभर उघडाच होता आणि भाचा शेजारी बसलेला. आपोआप बंद व्हायची सोय आहे का?

प्रतिसाद ३

आहे. व्हेराक्रिप्टच्या सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेस उघडा. ठरावीक मिनिटं वाचन-लेखन झालं नाही तर डबा बंद कर, असा पर्याय तिथे मिळेल. आधीचा आकडा ६० असेल, तो १० करा. त्याच्याच वर लॉग-ऑफ झालं की बंद करायचाही पर्याय आहे, त्यावरही खूण करा.