शब्दचर्चा: ‘मटेरियल’ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: एका अहवालाचा अनुवाद करतेय. एखादा देश वर्षभरात जेवढं ‘मटेरियल’ वापरतो, त्याचा पर्यावरणावरचा परिणाम कसा मोजायचा, हा विषय. जुन्या मसुद्यात ‘देशांतर्गत पदार्थ उपभोग’ असं आहे. वाचताना पंगत बसल्यासारखं वाटतं! यात चार गट येतात: पिकं-चारा-लाकूड, कोळसा-तेल-वायू, धातूंची खनिजं आणि वाळू-खडी-चुनखडी. काही सुचतं का?

ब्रासभर: ‘साहित्य’ म्हणता आलं असतं, बांधकाम साहित्य आपण म्हणतोच, पण चारा नि कोळसा त्यात बसत नाही. सरळ ‘माल’ म्हणा. कच्चा माल, पक्का माल, माल उतरवला, सगळं चालतं. ‘उपभोग’ काढा, ‘खप’ घाला. हिशेब तरी काय, देशात उपसलेला माल अधिक आयात वजा निर्यात, सगळं टनांत.

अदमास: ‘माल’ पटला, ‘खप’ नाही. दुकानात खप म्हणजे विक्री. रस्त्याखाली घातलेली खडी वर्षानुवर्षं तिथंच असते, तरी ती घातली त्या वर्षाच्या आकड्यात येते. ‘मालवापर’ बरा. आणि ‘उपसलेला’ही नको, गहू कोण उपसतं? ‘काढलेला’ म्हणा. कांदा काढतात, कोळसा काढतात, वाळूही काढतात.

खरी अडचण ‘परिणाम’ची आहे. तो टनांना चिकटू देऊ नका. एक ब्रास (शंभर घनफूट) वाळू साधारण साडेचार टन भरते. तेवढ्याच वजनाचं अॅल्युमिनियम घ्या. खनिजापासून एक टन अॅल्युमिनियम करायला जगाच्या सरासरीनं 15 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड (बाकीचे हरितगृह वायूही त्याच मापात धरून) हवेत जातो. वाळूच्या टनामागे काही किलो. टनांच्या बेरजेत मात्र दोघं शेजारी शेजारी! म्हणून नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या मंडळींनी 2005 च्या सुमारास युरोपीय आयोगासाठी केलेल्या कामात वेगळी मोजणी मांडली. प्रत्येक मालाचा वापर घ्यायचा आणि त्या मालाच्या एका टनामागे खाणीपासून कचऱ्यापर्यंत जे काही बिघडतं त्यानं गुणायचा. हवामान, आम्लीकरण, विषारीपणा, जमीन अशी सदरं असतात, मग त्यांची बेरीज. या गणितात वाळू-खडी खाली सरकते आणि मांस-दूध वर येतं. कुठल्या सदराला किती भार द्यायचा हे शेवटी माणसंच ठरवतात, त्यावर भांडणं आहेतच. मी याला ‘परिणामभारित मालवापर’ म्हणेन.

तळटीप: सरकारी मराठीत ‘पर्यावरण आघात मूल्यांकन’ असतं. मग ‘आघातभारित’ का नको?

अदमास: ते एकेका प्रकल्पाचं असतं, धरण, कारखाना. गुरांच्या ढेकरातल्या मिथेनला आघात म्हणणार का?

ब्रासभर: वाळू खाली सरकते, हे कोकणातल्या नाहीतर भीमेकाठच्या माणसाला सांगून बघा. उपशानं पात्र खोल गेलं की शेजारच्या विहिरीचं पाणी उतरतं. टनामागच्या गुणकात ती विहीर कुठे आहे?

अदमास: नाही. देशपातळीच्या सरासरीत नदी हरवते. हे मान्य.

साळावलीकाठ: शब्द ठरवताना आमचे डंपही बघा, खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग. गोव्यात एक टन लोहखनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड काढून बाजूला टाकले जायचे. खनिज बार्जमधून मांडवी-जुवारीनं मुरगावला आणि तिथून बहुतेक चीनला. म्हणजे ते निर्यातीत वजा झालं. माती विकलीच नाही, म्हणून तुमच्या हिशेबात ती आलीच नाही. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू-बंद चाललं. डंप जागच्या जागी. पावसात लाल चिखल उतरून भाताच्या खाचरात बसतो, तो हातानं काढावा लागतो. याला अहवालात काय म्हणतात?

अदमास: ‘न वापरलेला उपसा’. मालवापरात तो धरत नाहीत. दुसरा एक आकडा असतो, त्यात परदेशी काढलेला मूळ मालही तो शेवटी जिथं वापरला जातो त्या देशाच्या नावावर टाकतात. चिलीतल्या तांब्याच्या खनिजात तांबं टक्क्याच्या आतबाहेर. साध्या हिशेबात आयात करणाऱ्या देशाच्या खात्यावर नुसतं तांबं लागतं, खनिजाचा बाकी सगळा ढीग चिलीच्या. दुसऱ्या आकड्यात हा ढीग आयातदाराकडे जातो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हे दोन्ही आकडे आहेत. डंप दोन्हींत नाही.

साळावलीकाठ: मग ‘न वापरलेला’ नका लिहू. ‘टाकलेला उपसा’ लिहा. कुणीतरी टाकलाय तो.

तळटीप: हे घेते. शेवटचं: वाळू-खडीच्या गटाला ‘गौण खनिजं’ चालेल?

ब्रासभर: नाही. तो महसूल खात्याचा शब्द. सिमेंटची चुनखडी कायद्यानं प्रमुख खनिज आहे, ती बाहेर राहील. ‘बिगरधातू खनिजं’ लिहा.