मदत हवी आहे: आंबोलीच्या चढासाठी गिअर बदलावेत का?

आम्ही बेळगावचे बारा जण पावसाळा ओसरल्यावर तीन दिवसांची सायकल सहल काढतोय. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावी मुक्काम, दुसरा सावंतवाडीत, तिसऱ्या दिवशी आंबोली चढून चंदगड तालुक्यातून घरी. चोर्ल्याची काळजी नाही, तो उतरायचाच आहे. परतताना जीव घेणार ती आंबोली. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर, आणि समुद्रसपाटीजवळून थेट ६९० मीटरच्या आसपास.

माझी हायब्रीड सायकल: पुढे एकच ४२ दातांची चकती, मागे सात गिअर, १४ ते २८ दातांचे. सरावाला येळ्ळूरच्या राजहंसगडावर तीनदा गेलो. शेवटचा तीव्र चढ तिन्ही वेळा ढकलतच (कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून बघत बसली). सीटची उंची नीट करून घेतली, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवतो, गुडघे ठणठणीत आहेत. सामान टेम्पोत जाणार, पण घाटात टेम्पोत बसायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय.

एका दुकानदाराचं म्हणणं, मागे १४-३४ टाका, काम झालं. दुसरा म्हणतो पुढे ४८-३८-२८ची तिहेरी चकती हवी. हिशेबाने (पुढचे दात भागिले मागचे) पहिल्यात सर्वात हलका गिअर १.२४ येतो, दुसऱ्यात १. पण तिहेरीला पुढचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), सगळंच आलं. बजेट तीन हजार, हातात तीन आठवडे.

१.२४ वर आंबोली न उतरता कुणी चढलंय का? की तिहेरीलाच हात घालू?